डावीकडे फिरलेले उंदीर

"माझे उंदीर उलटे फिरले," दारात उभी असलेली बाई म्हणाली.

लवू मेस्त्रीच्या कपातला चहा बशीत सांडला. पार्ल्यात सुलक्षणा गावकरच्या घरी नाना तऱ्हेचे अशील येत. कुणाचं मंगळसूत्र गेलेलं असे, कुणाचा नवरा. पण उंदरांची तक्रार घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं.

"आत या," सुलक्षणा म्हणाली. "ते सुलटे कसे फिरतात, ते आधी सांगा."

सुलक्षणाचं अर्धं आयुष्य कोर्टात लघुलेखन करण्यात गेलं होतं. लोक काय बोलतात आणि काय गिळतात, हे टिपता टिपता तिचे कान असे तयार झाले की नोकरी सोडून तिने हा खाजगी तपासाचा उद्योग मांडला. लवू तिचा शाळेतला सोबती, निवृत्त चित्रकला मास्तर. बायको गेल्यापासून त्याला स्वतःच्या घरात चहा प्यावासा वाटत नसे. म्हणून तो इथे येऊन बसे आणि सुलक्षणाने वाटेल तसं बोललेलं ऐकून घेई.

बाईंचं नाव डॉ. वसुधा कर्णिक. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीची प्रयोगशाळा होती, तिथे त्या संशोधन करत. डोळे रडून सुजले होते, पण आवाज ताठ होता.

"कंपवात बघितलाय कधी?" त्यांनी विचारलं. "मेंदूच्या आत खोलवर हालचाल सांभाळणारी केंद्रं असतात. त्यांना डोपामीन नावाचं द्रव्य लागतं. ते आटलं की माणूस थिजत जातो. उठावंसं वाटतं, पण पाय ऐकत नाहीत."

"मग उंदीर?" लवू म्हणाला.

"उंदराच्या मेंदूतलं फक्त डाव्या बाजूचं डोपामीन आम्ही नष्ट करतो. उजवी बाजू धडधाकट ठेवतो. मग औषध द्यायचं आणि तो कुठे वळतो ते बघायचं. आमचं नवं औषध आहे, एकवीस नंबर. ते डोपामीनची जागा स्वतःच घेतं. डावी बाजू कित्येक दिवसांची उपाशी असते ना? उपाशी माणसासमोर ताट आलं की तो कसा तुटून पडतो, तशी ती बाजू उसळते, आणि उंदीर उजवीकडे गोल गोल फिरत सुटतो."

"आणि डावीकडे कधी फिरतो?" सुलक्षणाने विचारलं.

"तुलनेसाठी एक जुनं उत्तेजक ठेवलंय. त्याच्याकडे स्वतःचं देण्यासारखं काही नाही. मेंदूतला साठा तेवढा ते बाहेर काढतं. साठा उरलाय फक्त उजवीकडे. म्हणून उंदीर डावीकडे फिरतो."

"आणि नुसतं पाणी टोचलं तर?"

"मग कशाला फिरतोय! बसून मिशा साफ करतो."

लवूने चहाच्या बशीभोवती बोटाने एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे फिरून बघितलं. सुलक्षणाने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

गुरुवारी कंपनीचे संचालक आणि परदेशी पाहुणे प्रयोग बघायला आले होते. वसुधाने सगळ्यांसमोर सांगितलं की उंदीर उजवीकडे फिरतील. टोचलेला एकूण एक उंदीर डावीकडे फिरला. पाहुणे हसले. प्रयोगशाळेचे प्रमुख, डॉ. चंद्रप्रकाश वागळे, यांनी बाटलीत उरलेलं मोरीत ओतायला लावलं.

"मला विचाराल तर एकवीस नंबरच्या बाटलीत उत्तेजकच होतं," वसुधा म्हणाली. "पण आता तपासणार काय? आणि बाटली माझ्या ताब्यातली. म्हणजे एकतर मी बेफिकीर, नाहीतर माझे आजवरचे निष्कर्ष बनावट. सोमवारी संचालकांची बैठक आहे. एकवीस नंबर बंद होणार आणि मी घरी जाणार."

"आणखी शिल्लक नाही?"

"तेवढंच होतं, गुरुवारसाठी महिनाभर न उघडता जपून ठेवलेलं. बनवायला महिने लागतात. फार गुणी औषध होतं हो. पाण्यात विरघळायचं, तोंडावाटे दिलं तरी लागू पडायचं. माझी आई कंपवातानेच गेली. शेवटी शेवटी तिला कुशीवर वळायचं असलं तरी माझी वाट बघावी लागायची. तिच्यासाठी उशीर झाला, पण दुसऱ्या कुणाच्या तरी आईसाठी..."

"लवू, चपला घाल," सुलक्षणा म्हणाली.

शनिवार होता, पण प्रयोगशाळा चालू होती. रिक्षातून उतरल्या उतरल्या लवूला भूक लागली, म्हणून आधी कॅन्टीन.

"काय साहेब, आमची उसळ बिघडली की काय?" कॅन्टीनवाला गाऱ्हाणं सांगत होता. "एकेक गिऱ्हाईक तुटतंय. सबनीससाहेब डायटवर. परबसाहेब तर रोजचे! वर्षानुवर्षं इथंच जेवले, घरी बाई आजारी म्हणून. पंधरा दिवस झाले, फिरकले नाहीत."

लवूने उसळ चाखली आणि कारण त्याला लगेच समजलं.

उंदरांच्या खोलीत गुणाजी होता. पिंजरे, दाणापाणी, सगळं त्याच्याकडे. त्याने यंत्र दाखवलं. मोठ्या गोल भांड्यात उंदीर ठेवायचा, त्याच्या पोटाला पट्टा बांधायचा, पट्ट्याची तार वर एका दांड्याला. उंदराची फेरी झाली की दांडा फिरे, टक् असा आवाज होई आणि भिंतीपलीकडच्या खोलीत आकडा पुढे सरके.

"आणि उलटा फिरला तर आकडा मागे जातो?" लवूने विचारलं.

"नाय ओ. खयंय फिरांदे, टक् म्हणजे टक्. उजवा-डावा बाई डोळ्यांनी बघतत."

सुलक्षणाने लवूकडे जरा कौतुकाने पाहिलं. असं क्वचित होई.

"एकवीस नंबर दिलो की देवळात प्रदक्षिणा घालतत तसे फिरतत बघा," गुणाजी म्हणाला. "त्या दिसाक सगळे उलटे! बाईंचा तोंड बघवत नव्हता."

डॉ. वागळे आपल्या खोलीत येरझारा घालत होते.

"होय, मीच ओतायला लावलं! पाहुण्यांसमोर शोभा झाली, डोकं फिरलं माझं. आता वाटतं, ठेवायला हवं होतं." ते खुर्चीत बसले. "माझाही हा शेवटचा डाव होता हो. या औषधावर मी सगळी पत लावली होती."

"औषधांच्या फ्रिजची किल्ली कुणाकडे असते?"

"व्हरांड्यात, फ्रिजशेजारच्या खिळ्यावर. हात लावणारी माणसं पाच. वसुधा, अनंत सबनीस, परब, गुणाजी आणि मी. सगळी घरचीच माणसं."

अनंत सबनीस हा वसुधाचा हाताखालचा संशोधक. तरणाबांड, केसांचा भांग चापून पाडलेला. बाई गेल्या तर त्यांची जागा त्याला मिळणार होती, आणि हे तो लपवतही नव्हता.

"उत्तेजकाचे प्रयोग मीच करतो," तो म्हणाला. "गुरुवारी पहिला उंदीर डावीकडे वळला आणि मी समजलो की बाटलीत काय आहे ते. नंतर जाऊन पाहिलं, तर उत्तेजकाची बाटली बरीच रिकामी झालेली."

"मग तिथल्या तिथे बोलला का नाहीत?"

अनंतने मान खाली घातली. "बोलणार होतो. मग वाटलं, बोललो तर बाई वाचतील."

"वा रे वा!" लवूच्या तोंडून निघून गेलं. सुलक्षणाने त्याच्या पायावर पाय दिला.

शेवटी दत्ताराम परब. संख्याशास्त्राचा माणूस, पन्नाशी उलटलेला, कृश, शांत. भिंतीपलीकडची खोली त्याची. यंत्राचे आकडे तिथे येत आणि त्यांतून कुठलं औषध किती जोरकस, ते तो काढून देई. वसुधा दारात दिसताच त्याने हात वर केला.

"बाई, एप्रन बाहेर." मग ओशाळून लवूकडे वळला. "माफ करा हं. उंदरांच्या केसांनी माझा दमा उसळतो. इथे लागलो त्या वर्षी एकदा आत गेलो होतो, उचलून बाहेर आणावं लागलं. तेव्हापासून आत पाऊल नाही टाकलं."

जेवणाची वेळ होती. त्याने डबा उघडला. आत घावणे होते, पातळ, पांढरेशुभ्र, जाळी पडलेले. सोबत ओल्या नारळाची चटणी. लवूच्या जिभेला पाणी सुटलं. परबने न विचारता अर्धे घावणे त्याच्यापुढे सरकवले, पण स्वतः खाताना एकेक घास असा सावकाश घेत होता की बघणाऱ्याने मान वळवावी.

"तुम्हाला कुणाचा संशय येतो?" सुलक्षणाने विचारलं.

"मी कुणाचं नाव घेऊ? वसुधाबाई खोटं करणार नाहीत, एवढं लिहून घ्या." त्याने घावण्याचा तुकडा मोडला. "सोमवारी एकवीस नंबर खरंच बंद करतील का हो? पुन्हा बनवणारच नाहीत?"

"तसंच दिसतंय."

परबने डब्याचं झाकण लावलं. डब्यात अजून घास शिल्लक होता.

बाहेर आल्यावर लवू म्हणाला, "अनंतच आहे गं तो. बाईंची वाट लावायला टपलेला! नाहीतर वागळे. पुरावा मोरीत ओतला की नाही?"

"तू घावणे खाल्लेस ना?"

"खाल्ले. झकास होते."

"मग त्यांचा विचार कर," सुलक्षणा म्हणाली, आणि वागळ्यांना सांगून तिने सगळ्यांना त्यांच्या खोलीत बोलावलं.

पाचही जण आले. गुणाजी दाराशी उभा राहिला. परब खिडकीजवळ बसला, म्हणजे गुणाजीच्या कपड्यांपासून लांब.

"मी शास्त्रातली नाही," सुलक्षणाने सुरुवात केली. "चुकले तर कान धरा. बाटलीत उत्तेजक होतं हे वसुधाबाई म्हणतात, अनंतराव म्हणतात, आणि उंदरांनी फिरून सांगितलंय. माझा प्रश्न वेगळा आहे. उत्तेजकच का?"

वागळ्यांनी अनंतकडे पाहिलं.

"समजा, कुणाला वसुधाबाईंना पाडायचंय. सोपा उपाय काय? बाटलीत पाणी भरा. उंदीर मिशा साफ करत बसतील, औषध फुसकं ठरेल, आणि शंका घ्यायला कुणाला जागा उरणार नाही. इथे तसं झालं नाही. ज्याने बाटली बदलली त्याला उंदीर फिरायला हवे होते. म्हणजे त्याला कुणाला पाडायचंच नव्हतं. त्याला एकवीस नंबर हवं होतं, आणि ते गेल्याचं कुणाला समजू नये, एवढीच त्याची इच्छा."

"पण ते उलटे फिरले की!" वागळे म्हणाले.

"तिथेच तो फसला. आता बघा. वसुधाबाई दिशा डोळ्यांनी बघतात. अनंतराव उत्तेजकाचे प्रयोग करतात. गुणाजीला प्रदक्षिणा सुलटी की उलटी ते दिसतं. वागळेसाहेब, तुम्ही तर या विषयातच मुरलेले. तुमच्यापैकी कुणीही चोरी लपवायला उत्तेजक वापरलं नसतं, कारण पहिल्याच फेरीला पितळ उघडं पडणार हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक. असं करणारा माणूस एकच. ज्याने आजवर उंदीर फिरताना पाहिलेच नाहीत. ज्याला फक्त टक् टक् ऐकू येतं, आणि त्या टक् टक्ला ना उजवं ना डावं. आकड्यांवरून त्याला इतकंच माहीत होतं की एकवीस नंबर दिलं की आकडा चढतो आणि उत्तेजक दिलं तरीही चढतो."

लवूची नजर आपोआप खिडकीकडे गेली. परब मान खाली घालून बसला होता.

"आणि चोरलं कशासाठी?" सुलक्षणाचा आवाज खाली आला. "घरी बाई आजारी, म्हणून वर्षानुवर्षं कॅन्टीनची उसळ खाणारा माणूस पंधरा दिवसांपासून डबा आणतो. आणि डब्यात काय, तर घावणे. पीठ पातळ करायचं, भिड्याचा तवा तापवायचा, हात भरभर फिरवायचा. थिजलेल्या हाताचं ते काम नव्हे. परब, वहिनींना कंपवात आहे ना?"

"आठ वर्षं झाली," परब म्हणाला.

त्याने नाकारलं नाही. उलट, कुणीतरी विचारलं याचं त्याला बरंच वाटलं असावं.

"बाजारात मिळतं ते औषध सुरुवातीला लागू पडलं. मग कमी कमी होत गेलं. आता हॉस्पिटलात म्हणतात, एवढंच. मी इथे बसून एकवीस नंबरचे आकडे बघत होतो. असे आकडे मी आयुष्यात पाहिले नव्हते. रोज वाटायचं, भिंतीच्या पलीकडे, हातभर अंतरावर आहे ते, आणि घरी ती खुर्चीत बसलेली." त्याने चष्मा काढला. "खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून नेलं. थोडं थोडं दिलं. आणि एका संध्याकाळी जिना चढतोय, तर आतून कांकणांचा आवाज. मी जिन्यातच खाली बसलो. तिचा हात हलत होता हो! किती वर्षांनी."

"मेल्या असत्या त्या!" वसुधा ओरडली. "माणसाला अजून एक थेंब दिलेला नाही आम्ही! उलट्या झाल्या? चक्कर?"

"पहिले दोन दिवस झाल्या. मी रात्रभर उशाशी बसून होतो."

"आणि माझं नाव जात होतं, तेव्हाही बसूनच होतात?"

"होय," परब म्हणाला. "बोललो असतो तर तिचं औषध थांबलं असतं. नाही बोललो तर औषधच कायमचं बंद होणार होतं. गुरुवारपासून मला दोन्ही दिसतंय आणि हाताने काही होत नाहीये. तुमचा मी अपराधी आहे, बाई."

वसुधाने तोंड फिरवलं. मग, न वळताच, अगदी हळू विचारलं, "चालल्या?"

"चालली. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून मोरीपर्यंत. मला ओरडली पण. भांडी नीट घासत नाही म्हणून."

वसुधा ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. आईसाठी रडत होती की औषधासाठी, ते लवूला समजलं नाही. त्याच्या मनात फक्त एवढंच आलं, की आपली बायको अशी खुर्चीत असती आणि औषध भिंतीपलीकडे असतं, तर आपणही नेलं असतं. शंभरदा नेलं असतं.

वागळ्यांनी पोलिसांचं नाव काढलं नाही. सोमवारी संचालकांसमोर परबने स्वतः सगळं सांगायचं, नोकरी सोडायची, आणि उरलेलं औषध आजच्या आज परत करायचं, असं ठरलं. नवा साठा बनवायला वागळे संचालकांना राजी करणार होते. वसुधावरचा डाग पुसला गेला होता. तिला मात्र त्याचा काडीचा आनंद झालेला दिसत नव्हता.

वाकोल्याला परब दुसऱ्या मजल्यावर राहत होता. वसुधा, सुलक्षणा आणि लवू त्याच्याबरोबर गेले.

दार रुक्मिणीवहिनींनी स्वतः उघडलं. बारीक चणीची बाई, केसांत अबोलीचा गजरा. चेहरा जरा थिजल्यासारखा, पण डोळे लखलखीत.

"येवा, बसा. चाय ठेवतंय," त्या म्हणाल्या आणि भिंतीला एकदाही हात न लावता आत गेल्या.

वसुधा त्यांच्या पावलांकडे बघत राहिली. आजवर तिने या औषधाने उंदीर फिरलेले पाहिले होते. माणूस चालताना पहिल्यांदा पाहत होती.

चहा झाला. परबने खोकल्याच्या औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. तळाशी बोटभर उरलं होतं.

"रुक्मिणी, ह्या परत देवचा लागतला," तो म्हणाला. घरात तो मालवणीतच बोलत असावा. "हॉस्पिटलचा न्हय ह्या. मी चोरून हाडलंय."

"माका ठावक होता," रुक्मिणीवहिनी म्हणाल्या. "तुमका खोटा खय बोलाक येता? बाटली उघडताना हात कापत तुमचे. कंप माका आणि हात तुमचे कापतत!" त्या हसल्या. मग वसुधाकडे वळल्या. "बाय, तुमीच केलात काय ह्या?"

"मी एकटीने नाही. पण होय."

"पुन्हा बनवशात?"

"बनवीन."

"कधी?"

वसुधाला खोटं बोलणं फार सोपं होतं. लवूला वाटलं, बोलावं तिने. पण तिने सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "बनवायला महिने, आणि मग ते माणसाला द्यायला सुरक्षित आहे की नाही, ते बघायला वर्षं लागतील, वहिनी."

रुक्मिणीवहिनींनी मान हलवली. टेबलावरची बाटली त्यांनीच उचलून वसुधाच्या हातात दिली.

"बेगीन करा," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी ऱ्हवांदे, पण बेगीन करा." मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, "सकाळचा औषद अजून अंगात असा मा?"

"असा. थोडो वेळ."

"मगे चला. उतराच्या आधी खाली जावन येवया. कितके दिवस मी जमिनीर पाय ठेवक नाय."

दोघं जिना उतरली. वरच्या गॅलरीतून लवू, सुलक्षणा आणि वसुधा बघत होती. खाली चाळीच्या आवारात पोरांचं क्रिकेट चाललं होतं. रुक्मिणीवहिनी पुढे आणि परब एक पाऊल मागे, हात तयार ठेवून, पण न धरता. त्या नळाजवळून गेल्या, शेजारणीशी दोन शब्द बोलल्या, शेजारीण तोंडावर हात ठेवून बघतच राहिली. फाटकापर्यंत जाऊन त्यांनी बाहेरचा रस्ता पाहून घेतला. येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षा, भाजीची गाडी, सगळं.

परत येताना पावलं आखूड होत गेली. आवाराच्या मधोमध त्या थांबल्या. पाय उचलायचा म्हणून अंग पुढे झुकलं, पण पाऊल निघेना.

लवू जिन्याकडे धावणार होता. सुलक्षणाने त्याची बाही धरली. "राहू दे रे."

परबने त्यांना ओढलं नाही की घाई केली नाही. त्याने फक्त आपला हात त्यांच्या हाताखाली सरकवला आणि शेजारी उभा राहिला. पोरांनी खेळ थोडा बाजूला नेला.

वर वसुधाच्या मुठीत ती बाटली होती. बोटभर औषध. ते दिलं असतं तर खालचं पाऊल निघालं असतं. ती दोघं वर येईपर्यंत ती गॅलरीचा कठडा घट्ट धरून तशीच उभी राहिली.